अण्णांच्या पाठीतलं पाणी

दोन पंचकोन काढायचे होते, एकाचं टोक दुसऱ्यात अडकलेलं. नमुना कागदावर छापलेलाच होता, शेजारच्या रिकाम्या जागेत तो बघून उतरवायचा. अण्णांनी पेन्सिल घेतली, टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं आणि कागदाकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने एक चौकोन काढला. त्याच्यापासून चार बोटं लांब एक तिरकी रेघ ओढली. मग पेन्सिल टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “झालं की.”

हा माणूस, माझे वडील, चाळीस वर्षं ग्राफवर जगला. सोलापुरी चादरीवरचा मोर, कमळ, वेलबुट्टी आधी ग्राफच्या कागदावर एकेक घर भरून काढायची आणि मग त्या ग्राफवरून जेकार्डचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करायचे, हे त्यांचं काम. आमचं घर साखर पेठेत. पूर्व भागातल्या कारखान्यांत अण्णांचे पत्ते जायचे आणि मागावरच्या पद्मशाली कामगारांशी ते त्यांच्याच तेलुगूत वाद घालायचे. भोकं पाडलेल्या पत्त्यावरून नुसती बोटं फिरवून “हा मोराच्या मानेचा” असं सांगायचे. लहानपणी मी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून परीक्षा घेत असे आणि ते कधी चुकले नाहीत. त्या माणसाला पंचकोन उतरवता आला नाही. स्मरणशक्तीची ही तपासणी घेणाऱ्या डॉक्टर मॅडमनी कागद फाइलमध्ये ठेवला तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहून रडले.

हे फेब्रुवारी २०२४ मधलं. सुरुवात त्याच्या वर्षभर आधी, गड्ड्याच्या यात्रेत झाली होती. सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला अण्णा दरवर्षी जातात. २०२३ च्या जानेवारीत सोहळा आटोपून घरी यायला त्यांना तीन तास लागले. ओळखीच्या एकाने त्यांना दत्त चौकातून आणून सोडलं. “गर्दी फार होती,” असं ते म्हणाले आणि आम्ही मानलं, कारण गर्दी खरंच होती. पुढे गिरणीत दळण टाकून डबा तिथेच विसरणं, एकच गोष्ट तासाभरात चारदा विचारणं, आईला गेल्याला सहा वर्षं झालेली असताना तिच्यासाठी शेंगा चटणी बाजूला काढून ठेवणं सुरू झालं. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी “वय झालं” म्हणून टॉनिक दिलं. त्यात आमचे दहा महिने गेले. ज्यांच्या घरात असं काही सुरू झालंय त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, सत्तरीच्या आतल्या माणसाच्या बाबतीत तरी “वय झालं” हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. अण्णा तेव्हा सदुसष्टचे होते.

मॅडमनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला लावलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो औषधाने बराच सुधारू शकतो. दोन्ही ठीक निघाले. त्या दिवशी ते ठीक निघाल्याचं मला वाईट वाटलं. मग एमआरआय झाला.

एमआरआयमध्ये मेंदूच्या बाहेरच्या भागात सात बारीक काळे ठिपके दिसले. मॅडमनी पडद्यावर एकेक दाखवला. प्रत्येक ठिपका म्हणजे कधीतरी झिरपलेल्या रक्ताची खूण. त्यांनी तेव्हाच दोन शक्यता सांगितल्या. पहिली अल्झायमरची. त्यात अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचे तुकडे मेंदूत पेशींच्या मधे साचतात. दुसरी अशी की तेच तुकडे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही साचले असावेत, त्यामुळे भिंत ठिसूळ होते आणि रक्त झिरपतं. बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसात असतं. अण्णा कुणाच्यातरी सांगण्यावरून रोज ॲस्पिरिन घेत होते. ते रक्त पातळ करतं म्हणून मॅडमनी त्या दिवसापासून बंद केलं आणि रक्तदाबाची वही घालायला सांगितली. नक्की काय आहे ते कळायला पाठीतलं पाणी तपासावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

पाठीतलं पाणी काढणं म्हटलं की आपल्याकडे माणसं घाबरतात. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “पाय जातात गं त्यानं.” मीही घाबरले होते. मॅडमनी कागदावर पाठीचा कणा काढून समजावलं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधून जाते. तिथे नुसतं पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे असतात. मेंदू आणि कण्याभोवती मिळून साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं आणि शरीर रोज अर्धा लिटर नवं बनवतं. हे ऐकून अण्णा खुलले. “आमच्या नळाला चार दिवसांआड येतंय आणि माझ्या पाठीत रोज अर्धा लिटर?” मॅडम हसल्या, मीही किती दिवसांनी हसले.

ठरलेल्या दिवशी मात्र तपासणी झाली नाही. नमुना मुंबईच्या लॅबला जाणार होता आणि त्यांच्याकडून आलेली नळी चुकीची निघाली. अमायलॉइड बीटा चिकट असतं, काचेला आणि काही प्लास्टिकना ते चिकटून बसतं आणि मग पाण्यात आहे त्यापेक्षा कमी मोजलं जातं. त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनचीच नळी लागते. मॅडमनी नळी हातात घेऊन पाहिली आणि “आज नको” म्हणाल्या. उपाशीपोटी आलेल्या अण्णांना परत नेताना माझी चिडचिड झाली, पण नंतर विचार केला तेव्हा मॅडमबद्दलचा आदर वाढला. दुसऱ्या कुणी ती नळी चालवून घेतली असती आणि आम्ही खोट्या आकड्यावर पुढचे निर्णय घेत बसलो असतो.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. एप्रिल लागला होता, सकाळी नऊलाच रस्ता तापलेला. अण्णांना कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. मी समोर स्टुलावर बसून त्यांचे दोन्ही हात धरले. आधी जागा बधिर करायचं इंजेक्शन, त्याची आग झाली तेवढी झाली. नंतरच्या सुईला ते फक्त “दाबल्यासारखं वाटतंय” म्हणाले. मधेच त्यांनी मला विचारलं, “आपण इथं कशाला आलोय?” मी सांगितलं. दोन मिनिटांनी परत विचारलं, परत सांगितलं. तिकडे सुईच्या टोकातून थेंब थेंब पाणी नळीत पडत होतं, अगदी नितळ. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे. सिस्टरनी नळी बर्फात ठेवली. दुसऱ्या दिवशी अण्णांचं डोकं दुखलं, झोपून राहिले, भरपूर पाणी आणि दोनदा कॉफी दिली, तिसऱ्या दिवशी ठीक. पाय वगैरे काही गेले नाहीत. मावशींना मुद्दाम बोलावून दाखवलं.

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत उघडला. अमायलॉइड बीटा ४२: कमी. अमायलॉइड बीटा ४०: तेही कमी. मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये पेढे मागवायच्या बेतात होते. अमायलॉइड साचल्याने आजार होतो आणि इथे तर अमायलॉइड कमी आहे. संध्याकाळी मॅडमनी हळू आवाजात उलटा अर्थ सांगितला. मेंदूत बनलेलं अमायलॉइड एरवी वाहून पाण्यात येतं. ते मेंदूतच अडकून बसायला लागलं की पाण्यात कमी दिसतं. ४२ चा तुकडा जास्त करून पेशींच्या मधे साचतो, ४० चा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत. दोन्ही कमी, सोबत टाऊ नावाचं प्रथिन वाढलेलं आणि एमआरआयमधले ते ठिपके, हे सगळं एकत्र ठेवलं की दोन्ही शक्यता खऱ्या होत्या.

लहानपणी अण्णांबरोबर सूत रंगवायच्या ठिकाणी गेलेलं मला आठवलं. लाल पाण्यात सुताच्या लडी सोडायच्या आणि पाणी फिकं झालं की तिथला माणूस म्हणायचा, “ओढला रंग.” पाणी फिकं होणं म्हणजे रंग नाहीसा होणं नव्हे, हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. त्या दिवशी दुपारी कळलं नाही.

मग औषधांचं बोलणं निघालं. मी बरंच वाचून गेले होते. अमायलॉइडला चिकटून ते मेंदूतून काढून टाकणारी, आता वापरात असलेली दोन अँटिबॉडी औषधं अमेरिकेत मान्य झाली आहेत, २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि आमच्या त्या बोलण्यानंतर, जुलै २०२४ मध्ये, डोनानेमॅब. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात घसरणीचा वेग औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत २७ टक्क्यांनी कमी झाला होता. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला होता, पैशाचं बघू, कुठूनही आणू. मॅडमनी मान हलवली. “काकांना हे द्यायला मी धजणार नाही. ते औषध भिंतीत साचलेलं अमायलॉइड ओढून काढतं आणि त्या धक्क्यात भिंत गळते. मेंदूला सूज येते, रक्तस्राव होतो. चारपेक्षा जास्त ठिपके असलेल्या माणसांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. काकांचे सात आहेत.”

मी विचारलं, “काढणं धोक्याचं, तर मुळात कमीच बनेल असं काही करता येत नाही का?”

मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यावर काम चाललंय. आणि ते औषध ज्या वाटेनं देतात ती वाट तुम्ही परवाच पाहिलीत.” त्यांनी बोट माझ्या वडिलांच्या कमरेकडे नेलं.

जीन सायलेन्सिंग हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. सायलेन्सिंग म्हणजे जनुकाला गप्प करणं. मी विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, त्यात प्रतिलेखन आणि भाषांतरण. दर जूनमध्ये फळ्यावर काढते: डीएनएवरून एम-आरएनएची प्रत, त्या प्रतीवरून प्रथिन. किती वर्षं काढतेय, पण ती प्रत मधेच अडवता येते आणि त्याने माणसाचा आजार रोखायचा प्रयत्न होतोय, हे फळ्यासमोर उभं राहून कधी डोक्यात आलं नव्हतं.

मॅडम मला समजावत होत्या आणि अण्णा खिडकीबाहेर बघत होते. एकविसाव्या गुणसूत्रावर एपीपी नावाचं जनुक असतं. त्याची प्रत निघते, प्रतीवरून एपीपी प्रथिन बनतं, ते नसपेशीच्या आवरणात बसतं. मग बीटा आणि गॅमा नावाच्या दोन कात्र्या त्याला कापतात आणि मधला तुकडा सुटतो तो अमायलॉइड बीटा. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं, म्हणून त्या लोकांत अमायलॉइड तरुणपणापासून साचायला लागतं. उलट आइसलँडमध्ये काही लोकांच्या या जनुकात एका अक्षराचा असा फरक सापडला की त्यांच्यात अमायलॉइड साधारण ४० टक्के कमी बनतं आणि ती माणसं म्हातारपणीही अल्झायमरपासून बरीचशी वाचतात. हे २०१२ मध्ये छापून आलं. म्हणजे कमी बनलं तर फायदा होतो, हे निसर्गानेच दाखवून ठेवलं होतं. औषधात आरएनएचा जेमतेम एकवीस अक्षरांचा दुपदरी तुकडा असतो. पेशीत गेल्यावर त्यातला एक पदर तिथल्याच एका यंत्रणेत बसतो आणि आपल्याशी जुळणारी प्रत सापडली की ती कापून टाकतो.

“जनुकाला हात लावत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “प्रत कापतात.”

तेव्हा अण्णा वळले. “म्हणजे पत्ते कापताय,” ते म्हणाले. “ग्राफ तसाच.”

मॅडमना कळेना, म्हणून मी जेकार्ड काय असतं ते सांगितलं. ग्राफ डिझाइनरच्या कपाटात राहतो. त्यावरून पत्ते पंच होतात, एका वेळच्या धाग्याला एक पत्ता, आणि सगळे पत्ते दोरीने ओवून त्यांची माळ मागावर चढते. पत्त्यात भोक असेल तिथे सुई आत जाते, हुक वर उचलला जातो आणि ताण्याचा तेवढा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच. ग्राफ मागाला कधीच दिसत नाही, माग पत्त्यांवरच चालतो. अण्णा मधेमधे मान डोलवत होते. बोलताना माझ्याच लक्षात आलं की मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलेलं चित्र हेच आहे आणि ते आमच्या माळ्यावर पडून आहे.

“पण बाई,” अण्णा मॅडमना म्हणाले, “पत्ते फाडले तरी ग्राफ आहे ना कपाटात? उद्या कोणीतरी परत पंच करणार.”

“म्हणूनच काका, औषध परत परत द्यावं लागतं,” मॅडम म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढून त्या आता फक्त त्यांच्याशीच बोलत होत्या. एक तुकडा एकदा यंत्रणेत बसला की एकामागून एक पुष्कळ प्रती कापतो, त्यामुळे एका इंजेक्शनचा परिणाम महिनोन् महिने टिकतो. पण कायमचा नाही, कारण ग्राफ शाबूत असतो. काही बिघडलं तर थांबताही येतं, तेही ग्राफ शाबूत असतो म्हणूनच.

अण्णा थोडा वेळ बोटांनी टेबलावर काहीतरी मोजत राहिले. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि तो मला आजही रात्री आठवतो. “सगळेच पत्ते फाडले तर मागवाला विणणार काय?”

मॅडम म्हणाल्या की याच प्रश्नावर जगभर काळजी आहे. एपीपी काही फक्त आजारासाठी बनत नाही. नसपेशींची वाढ आणि त्यांच्या जोडण्या यांत त्याचा हात आहे. हे जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात, पण अशक्त राहतात. आणि एक धडा आधीच मिळालेला आहे. बीटा कात्रीला अडवणाऱ्या गोळ्या निघाल्या होत्या, त्यांनी अमायलॉइड चांगलंच कमी केलं, पण २०१७-१८ च्या सुमारास त्यांच्या मोठ्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. काही चाचण्यांत तर गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती न घेणाऱ्यांपेक्षा थोडी जास्तच घसरली. ती कात्री इतरही अनेक प्रथिनं कापते, ती सगळीच अडली. आरएनएचा तुकडा एकाच प्रतीला ओळखतो, त्यामुळे नेम जास्त नेमका आहे, पण किती कमी करायचं आणि कोणत्या वयात, हे चाचण्यांतूनच ठरणार.

त्या रात्री मी झोपले नाही. या विषयाचा मागचा प्रवास वाचत बसले. १९९० मध्ये पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करायला शास्त्रज्ञांनी रंगाचं जास्तीचं जनुक घातलं आणि अनेक फुलं पांढरी आली. कारण तेव्हा कळलं नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एक मिलिमीटरच्या कृमीत दुपदरी आरएनए घालून दाखवलं की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २०१८ मध्ये या पद्धतीचं पहिलं औषध, पॅटिसिरान, मान्य झालं आणि ते अमायलॉइडच्याच एका आजारावरचं होतं. तो अमायलॉइड वेगळा, यकृतात बनणाऱ्या ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचा, नसांमध्ये साचणारा. रक्तातून दिलेलं औषध यकृतात सहज पोचतं, मेंदूत पोचत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ते आत सोडत नाही. म्हणून पाठीची वाट. त्या वाटेने एसएमए, म्हणजे स्नायू दुबळे होत जाण्याचा आनुवंशिक आजार, झालेल्या लहान मुलांना २०१६ पासून नुसिनरसेन मिळतंय. तेही आरएनएवरच काम करतं, फक्त ते कापत नाही, प्रतीची जुळणी बदलतं.

पाठीत दिलं तरी ते पाण्यातून नसपेशीच्या आत शिरायला हवं. त्यासाठी तुकड्याला सोळा कार्बनची स्निग्ध शेपटी जोडली. असा तुकडा एपीपीवर पहिल्यांदा माणसांना दिला गेला, ज्यांना पासष्टीच्या आत अल्झायमर सुरू झाला होता अशांना. २०२३ मध्ये पहिले आकडे आले. पाठीच्या पाण्यात एपीपीपासून सुटणारे तुकडे मोजले तर एका डोसनंतर एक तुकडा ८४ टक्क्यांपर्यंत आणि दुसरा ९० टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि ही घट महिनोन् महिने टिकली. त्या औषधाला आता मिव्हेलसिरान म्हणतात. आकडे मोठे आहेत, पण ते पाण्यातले आहेत. माणसाची आठवण त्याने टिकली का, हे त्या आकड्यांत नाही. पाण्यातला आकडा कसा वाचायचा ते मी महागात शिकले होते, त्यामुळे या वेळी पेढ्यांचा विचार केला नाही.

पुढचं वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले. २०२४ मध्ये याच औषधाची दुसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली होती आणि ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड साचण्याच्या आजारावर होती. अण्णांच्याच. नेदरलँड्समध्ये काटवाइक नावाचं समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या काही कुळांत एपीपी जनुकातला एक फरक पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि त्या माणसांना चाळिशी-पन्नाशीतच मेंदूत रक्तस्राव व्हायला लागतात. त्यांचाही या चाचणीत समावेश आहे. कधी न पाहिलेल्या त्या गावातल्या लेकी मला त्या रात्री फार जवळच्या वाटल्या.

चाचणी चालवणाऱ्यांना मी मेल लिहिला. अण्णांचे रिपोर्ट, वय, ठिपके, सगळं. नम्र उत्तर आलं: केंद्रांची यादी पाहा. यादीत आपल्याकडचं नाव सापडलं नाही. आपल्या सरकारी क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतही शोधलं. भाच्याने रात्र जागून मदत केली. हाती काही लागलं नाही. “बाहेर नेऊया” असं भाऊ म्हणत राहिला. पण तिथे नेलं तरी एका गटाला नुसतं पाणी टोचलं जाणार, अण्णा कोणत्या गटात ते कुणालाच कळणार नाही, आणि अनोळखी देशात, अनोळखी भाषेत, रोज सकाळी “आपण इथं कशाला आलोय” हे त्यांनी विचारायचं. मला ते करवलं नसतं. हा निर्णय मी घेतला आणि तो बरोबर होता की नाही यावर माझं अजून माझ्याशीच भांडण होतं.

याच काळात एका केंद्रातून फोन आला. “जीन थेरपी” करू, दोन लाख भरा, आठवड्यात फरक. नंबर कुठून मिळाला देव जाणे. मी विचारलं, कोणत्या जनुकावर काम करता? फोन ठेवला गेला. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत आणि तुमच्या भाषेतल्या संमतीपत्रावर सगळे धोके लिहून देतात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ घरं वाचतील.

मॅडमना मी एकदा विचारलं, हे आमच्याही रक्तात आहे का, मी तपासून घेऊ का? त्या म्हणाल्या, घरात पिढ्यान् पिढ्या कमी वयात कुणाला झालेलं नाही, त्यामुळे ते घराण्यात चालणारे दुर्मीळ बदल असण्याची शक्यता फार थोडी. एपीओई नावाच्या जनुकाचं ४ नंबरचं रूप धोका वाढवतं, पण ते असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. आज कळून तू काय करशील, असं त्यांनी विचारलं. मी तपासलं नाही. रक्तदाब मात्र स्वतःचाही मोजायला लागले.

अण्णांना आता विसरभोळेपणाची लक्षणं थोडी आवरणारी डोनेपेझिलची गोळी चालू आहे. रक्तदाब ताब्यात आहे, वहीत रोज सकाळ-संध्याकाळचे आकडे. ठिपके आठ झाले का सातच आहेत ते पुढच्या एमआरआयला कळेल. मॅडमनी तो गड्ड्यानंतरच्या आठवड्यात ठेवलाय, कारण अण्णांनी त्यांना बजावलं की सिद्धेश्वराच्या मानाच्या काठ्या निघायच्या दिवसांत मी दवाखान्यात येणार नाही.

गेल्या जूनमध्ये माळ्यावरून पत्त्यांची एक जुनी माळ काढून शाळेत नेली. मुलांना प्रतिलेखन शिकवलं, एका पत्त्यावर त्यांना कात्री चालवू दिली आणि पुढे कापडात काय होईल ते विचारलं. घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. पिशवीतून माळ बाहेर डोकावत होती. त्यांनी कापलेला पत्ता चटकन ओळखला, बोटं फिरवली, “मोराच्या मानेचा” म्हणाले, आणि रागावले. मी शांतपणे सगळं परत सांगितलं, पहिल्यापासून, पाठीतलं पाणी, प्रत, तुकडा.

“पण ग्राफ आहे ना कपाटात?” त्यांनी विचारलं, नव्यानेच सुचल्यासारखं.

“आहे, अण्णा.”

“मग त्या लोकांना कळव,” ते म्हणाले, “पत्ते फाडायचे तर मोजून फाडा. मागावर माणूस बसलाय.”

मी आत जाऊन वहीत तारीख टाकून ते वाक्य लिहून ठेवलं, रक्तदाबाच्या आकड्यांच्या खाली.